जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल घरी बांधताना

अंबरनाथ एमआयडीसी, उल्हासनगर आणि बदलापूर या पट्ट्यात खराद, ग्राइंडिंग, वेल्डिंग आणि गॅरेजची कामे करणारे आपले कारागीर पुष्कळ आहेत. पाळी संपवून घरी आलेला माणूस दाराशी जुनी मोटारसायकल उघडून बसला आहे, हे दृश्य आपल्या वस्त्यांत नवे नाही. कोणी हौसेने करतो, कोणी बांधून विकण्यासाठी करतो. गेल्या काही वर्षांत जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांना जी मागणी आली आहे ती पाहता हा जोडधंदा होऊ शकतो. पण त्यात पैसे बुडालेले लोकही आमच्या पाहण्यात आहेत, आणि बहुतेकांचे पैसे एकाच ठिकाणी बुडाले आहेत. रंग, क्रोम आणि आवाजाचा सायलेन्सर यांवर खर्च झाला, गाडी सुंदर दिसली आणि तिसऱ्या आठवड्यात पिस्टन अडकला.

याचे कारण टू-स्ट्रोक इंजिनाच्या रचनेतच आहे. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँककेस ही तेलाची टाकी असते. टू-स्ट्रोकमध्ये तीच क्रँककेस पंपाचे काम करते. पिस्टन वर जाताना खालच्या पोकळीत पेट्रोल-हवेचे मिश्रण ओढले जाते आणि पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबले जाऊन बाजूच्या पोर्टमधून वर सिलिंडरमध्ये जाते. म्हणजे या पंपाला कोठे बारीक छिद्र असेल तर तेथून फुकटची हवा आत येते, मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि पिस्टन वितळतो किंवा चिकटतो. फोर-स्ट्रोकवर वीस वर्षे हात बसलेला उस्तादसुद्धा येथे फसतो, कारण त्याच्या सवयीत तेल बाहेर गळणे हा दोष असतो, हवा आत गळणे हा दोष असतो हे बसलेले नसते. आमच्या मते या कामात आधी हवा कोंडून धरता आली पाहिजे. ताकद वाढवण्याची गोष्ट त्यानंतरची.

कोणती गाडी घ्यावी

आपल्याकडे चार-पाच नावे नेहमी समोर येतात. एस्कॉर्ट्सची राजदूत १७५ ही पोलंडच्या एसएचएल गाडीवरून घेतलेली. दूधवाले आणि ग्रामीण भागातले फिरते व्यापारी यांनी ती अनेक वर्षे वापरली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी तयार होत असे. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. बजाजची चेतक स्कूटर पुण्याजवळच्या आकुर्डीची, ती जुनी चेतकही टू-स्ट्रोकच. १९८० नंतर जपानी कंपन्यांशी करार होऊन इंड-सुझुकी, कावासाकी बजाज आणि यामाहा आल्या. यांतली यामाहा आरएक्स १०० ही १९८५ मध्ये आली आणि १९९६ पर्यंत बनली. तिच्यामागून १९९७ मध्ये आरएक्स १३५ आली आणि २००५ मध्ये तीही थांबली. धुराचे नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोकमध्ये न जळलेले मिश्रण थेट धुराड्यातून बाहेर जाते, त्यामुळे या जातीच्या गाड्यांना पुढे वाट उरली नाही.

शिकणाऱ्याने आरएक्स १०० वर हात बसवावा असे आम्ही सुचवतो. इंजिन ९८ सीसीचे, बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही ५० मिलिमीटर, ताकद ११ अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या आसपास. एकटा माणूस इंजिन उचलून टेबलावर ठेवू शकतो. सुटे भाग मिळतात. मात्र याच गुणांमुळे तिची किंमतही चढली आहे आणि चांगली राखलेली गाडी आज लाखाच्या पुढे मागितली जाते. एवढे भांडवल नसेल तर चेतकवर शिकावे. तिचा बोअर ५७ आणि स्ट्रोकही ५७ मिलिमीटर आहे आणि शिकण्यासारखे सारे काही तिच्यात आहे. येझदीचा क्रँक आणि गिअरबॉक्स नवख्याने पहिल्याच वेळी उघडू नये.

आपल्या भागात गाडी घेताना एक गोष्ट विशेष तपासावी लागते, ती म्हणजे पूर. २६ जुलै २००५ चा पाऊस कोणी विसरलेले नाही. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती. अशा वेळी उल्हास आणि वालधुनीच्या काठच्या वस्त्यांत उभ्या असलेल्या गाड्या बुडतात. गाडी धुतली, रंगवली आणि विकली की बाहेरून काही कळत नाही. पण पाणी क्रँककेसमध्ये जाऊन राहिले असेल तर बिग एंडच्या सुयांच्या बेअरिंगवर गंजाचे खळगे पडलेले असतात. किक मारून इंजिन फिरते, चालूही होते, आणि काही शे किलोमीटरमध्ये रॉड बोलू लागतो. म्हणून हेडलाइटच्या वाटीत, सीटखालच्या पत्र्याच्या कोपऱ्यात, चेन कव्हरच्या आत सुकलेल्या गाळाची रेघ दिसते का ते बॅटरी लावून पाहावे. रेघ दिसली तर क्रँक बांधण्याचा खर्च धरूनच भाव करावा.

आधी कागद

हे प्रकरण कंटाळवाणे आहे, पण येथे चूक झाली तर बाकीचे सारे श्रम भंगाराच्या भावाने जातात. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. आपला भाग कल्याण आरटीओकडे, म्हणजे एमएच ०५ मध्ये येतो. जुने पुस्तक असलेल्या अनेक गाड्यांची नोंद संगणकावर चढलेलीच नसते. ती आधी चढवून घ्यावी लागते आणि मूळ नोंद दुसऱ्या जिल्ह्यातली असेल तर तेथल्या कार्यालयापासून सुरुवात होते. हे काम गाडी घेण्यापूर्वी विचारून घ्यावे.

चॅसी नंबर आणि इंजिन नंबर यांवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासावी आणि उमटलेले आकडे पुस्तकाशी ताडून पाहावेत. आकड्यांच्या आसपास घासल्याच्या खुणा असतील किंवा आकडे ओळीत नसतील तर गाडी कितीही स्वस्त असली तरी हात लावू नये. चोरीची गाडी अजाणता घेतली म्हणून पोलीस सोडत नाहीत. बँकेचे कर्ज पुस्तकावर नोंदलेले असेल तर ते फिटल्याची नोंद झाली आहे का हेही पाहावे.

बदलांबाबत कायदा असा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी आणि कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीतून कलम १८२अ आले आणि बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. दुसरे इंजिन बसवायचे असेल तर आरटीओची परवानगी आणि पुस्तकात नोंद हवी. आरएक्स १०० मध्ये १३५ चे इंजिन बसवून तसेच फिरणारे पुष्कळ आहेत, पण अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा इंजिन नंबर पाहते. ज्या गाडीची पहिली नोंदणी ५० वर्षांपूर्वीची आहे तिला २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. पण त्यासाठी ती मूळ रूपात असावी लागते आणि मग ती रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला वापरता येत नाही. जुन्या जावाची टाकी कापून नवी फॅशन करणारा माणूस तिची हीच किंमत कापून टाकत असतो.

इंजिन उघडताना

घर लहान असते, हे आम्ही जाणतो. तरीही ज्या खोलीत शेगडी पेटते त्या खोलीत पेट्रोलने भाग धुऊ नयेत. धुण्यासाठी डिझेल घ्यावे आणि काम दाराबाहेर करावे. वापरलेले तेल, डिझेल आणि रंग काढण्याचे रसायन गटारात ओतू नये. आपल्या वालधुनीचे काय झाले ते आपण पाहिले आहे. २०१४ मध्ये तिच्यात टाकलेल्या रसायनातून वायू निघाला आणि उल्हासनगरातील शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. जुने तेल डब्यात साठवून घेणाऱ्याला द्यावे.

जपानी गाडीच्या केसिंगचे चौफुली स्क्रू साध्या पेचकसाने काढू नयेत, डोकी गुळगुळीत होतात. हातोड्याने ठोकून फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्यावा. मॅग्नेट काढायला त्याचाच पुलर लागतो. मॅग्नेटला मागून पाना लावून उचकटणारे लोक क्रँकचे टोक वाकवतात. क्रँककेसचे दोन अर्धे वेगळे करताना त्यांच्यामध्ये कधीही पेचकस घुसवू नये, कारण त्या तोंडावर पडलेला एक ओरखडा म्हणजे कायमची हवेची वाट. केस गरम करावी, अर्धे आपोआप सैल होतात. बेअरिंग बसवतानाही तसेच. केस भट्टीत किंवा तव्यावर साधारण १०० अंशापर्यंत तापवावी, बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावे, म्हणजे ते ठोकावे न लागता जागेवर उतरते. फ्रीझरमध्ये ठेवताना घट्ट पिशवीत बांधून ठेवावे, नाही तर घरात वेगळाच वाद उभा राहतो.

पुलर, क्लच धरण्याचे हत्यार, बेअरिंग बसवण्याचे पाइप हे सारे खराद असलेला कारागीर स्वतः बनवू शकतो. तयार हत्यारे विकत घेण्यापेक्षा ती बनवून दुसऱ्यांना विकणे हा एमआयडीसीतल्या माणसाला सहज जमणारा धंदा आहे, आणि आमच्या मते गाडी बांधून विकण्यापेक्षा तो कमी जोखमीचा आहे.

आता क्रँक. टू-स्ट्रोकचा क्रँक एकसंध नसतो. दोन चकत्या, मध्ये पिन, पिनेवर सुयांचे बेअरिंग आणि रॉड, असा तो दाबून जोडलेला असतो. रॉड धरून सरळ वर-खाली ओढावा, त्या दिशेला जराही खेळ असता कामा नये. बाजूला मात्र थोडा खेळ असतोच, आणि नवखा माणूस त्याला घाबरून चांगला क्रँक उगाच उघडतो. वरच्या टोकाला हा बाजूचा खेळ दोन मिलिमीटरच्या पुढे गेला असेल तर मात्र रॉड किट बदलावे. नवे किट दाबण्याचे काम हायड्रॉलिक प्रेसवर होते, ते बाहेरून करून घ्यावे. पण दाबल्यानंतर क्रँक सरळ आहे का याची तपासणी समोर उभे राहून करून घ्यावी. दोन सेंटरमध्ये क्रँक धरून दोन्ही टोकांवर डायल गेज लावावे. काटा ०.०३ मिलिमीटरपेक्षा जास्त हलू नये. ग्राइंडिंगच्या खात्यात काम केलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही, पण गॅरेजमध्ये पुष्कळदा क्रँक डोळ्यांनी पाहून 'चालेल' म्हणून बसवतात. मग गाडी थरथरते आणि नवी बेअरिंगे वर्षभरात जातात.

बोअर आणि पिस्टन

आधी पिस्टन विकत घ्यावा, मग बोअर करावा. उलट करू नये. बाजारात ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १ मिलिमीटर ओव्हरसाइजचे पिस्टन मिळतात, पण डब्यावरचा आकडा आणि पिस्टनचे खरे माप यांत फरक निघू शकतो. मूळ कंपनीचे भाग आता दुर्मीळ झाले आहेत आणि मुंबईत कुर्ला किंवा चोर बाजारात मिळणाऱ्या मालात खरे आणि नकली एकाच टोपलीत असतात. मायक्रोमीटर खिशात ठेवून जावे आणि बिल मागावे. सिलिंडर वर, मध्ये आणि खाली अशा तीन जागी आणि प्रत्येक जागी दोन दिशांनी मोजावा. झीज सर्वात जास्त धुराड्याच्या पोर्टजवळ सापडते. पिस्टन आणि सिलिंडर यांमधली जागा हवेने थंड होणाऱ्या लहान इंजिनात साधारण चार-पाच शतांश मिलिमीटर असते. पिस्टनसोबत आकडा दिलेला असेल तर तोच पाळावा. 'थोडा सैल ठेवला की अडकत नाही' असे सांगणारे उस्ताद भेटतात. सैल पिस्टन अडकत नाही हे खरे, पण तो डुलतो आणि त्याचा घागरा तडकतो.

बोअरिंगच्या दुकानात एक गोष्ट स्वतः सांगून करून घ्यावी, कारण फोर-स्ट्रोकचे सिलिंडर करणाऱ्यांना तिची सवय नसते. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात. बोअर केल्यावर या खिडक्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार होतात. रिंग या कडेवरून दर मिनिटाला हजारो वेळा जाते. कडेला हलकी उतार दिली नाही तर रिंग तिच्यात अडकून तुटते आणि तुकडा सिलिंडर चिरत जातो. बारीक दगडाने किंवा एमरीने सर्व खिडक्यांच्या कडा हलक्या हाताने मोडून घ्याव्यात, मग होनिंग करावे, मग साबणाच्या गरम पाण्याने धुवावे आणि लगेच तेल लावावे. पावसाळ्यात आपल्याकडे कोरडा सिलिंडर एका रात्रीत लाल होतो. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट फिलर गेजने मोजावी, ५० मिलिमीटरच्या बोअरला ती ०.२ ते ०.३५ मिलिमीटरच्या दरम्यान असावी. पिस्टनवरचा बाण धुराड्याकडे. पिनेचे सर्क्लिप नेहमी नवेच, आणि ते बसवताना क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबलेले असावे.

दाबाची चाचणी

हा भाग वाचकांनी नीट वाचावा, कारण बहुतेक गॅरेजमध्ये ही चाचणी होत नाही आणि तिला खर्च जवळजवळ नाही. रक्तदाब मोजण्याचे काट्याचे यंत्र घ्यावे, जुने चालेल. त्याचा रबरी फुगा आणि काटा तेवढा हवा, दंडाला बांधायची पट्टी नको. सायलेन्सर काढून धुराड्याच्या तोंडावर ट्यूबचे रबर ठेवून त्यावर पत्र्याची पट्टी बोल्टने आवळावी. कार्बोरेटर काढून त्याच्या रबरी मानेत बूच बसवावे आणि बुचातून नळी आत घ्यावी. प्लग जागेवर घट्ट असावा, पिस्टन तळाशी असावा. आता फुग्याने हळूहळू हवा भरून काटा २५० पर्यंत न्यावा. तीनशेच्या पुढे जाऊ नये, सील बाहेर सरकू शकतात. कंप्रेसरची नळी तर कधीच लावू नये.

आरएक्स १०० सारख्या रीड व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनात हवा कार्बोरेटरच्याच बाजूने भरावी. प्लगच्या भोकातून भरली तर आतल्या दाबाने रीड मिटते आणि रीडच्या पलीकडच्या जोडाची गळती लपून राहते. रीड नसलेल्या इंजिनात प्लगच्या भोकातून भरली तरी चालते, पण कार्बोरेटरचे तोंड तेव्हाही बुजवावे. येझदीच्या दोन धुराड्यांची दोन्ही तोंडे बंद करावीत.

घड्याळ लावून बसावे. मिनिटाला काटा ५० पेक्षा जास्त खाली येत असेल तर इंजिन गळते आहे. साबणाचे पाणी ब्रशने प्रत्येक जोडावर लावावे, बुडबुडे जागा दाखवतात. सिलिंडरच्या पायाची गॅस्केट, केसचा जोड, रीडची चौकट, हेड. मॅग्नेट काढून त्याच्यामागचे ऑइल सील पाहावे. येथे बुडबुडे आले तर रस्त्यावर गाडी कशी वागते तेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. थ्रॉटल सोडला तरी इंजिनाचा वेग लगेच उतरत नाही, आयडलिंग वर-खाली होत राहते आणि कार्बोरेटर कितीही जुळवला तरी जुळत नाही. महिनाभर कार्बोरेटरला दोष देणाऱ्या माणसाचा दोष पुष्कळदा या स्वस्त रबरी सीलमध्ये असतो. क्लचच्या बाजूचे सील गेले असेल तर बुडबुडे गिअरबॉक्सच्या तेल भरण्याच्या भोकात दिसतात. अशी गाडी गिअरचे तेल पिते, पांढरा धूर सोडते आणि मालक समजतो की टू-टी जास्त झाले आहे.

इंजिन फ्रेममध्ये चढवण्यापूर्वी ही चाचणी उत्तीर्ण झालीच पाहिजे. गाडी विकायची असेल तर गिऱ्हाइकाला समोर बसवून करून दाखवावी. ऐब लपवलेला नाही हे सांगायला याहून सोपा मार्ग नाही.

तेल आणि आजचे पेट्रोल

राजदूत आणि जावामध्ये तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते, आरएक्स १०० मध्ये वेगळी टाकी आणि पंप असतो. इंजिन बांधल्यावर या पंपात आणि नळीत हवा अडकलेली असते. ती पंपाच्या स्क्रूतून काढल्याशिवाय इंजिन चालू करू नये, आणि पहिल्या टाकीला पेट्रोलमध्येही थोडे टू-टी मिसळावे. पंपाचा भरवसा नाही म्हणून तो काढून टाकणारे लोक आहेत. पंप चांगल्या स्थितीत असेल तर आम्हाला ते पटत नाही, कारण तो इंजिनाच्या वेगाप्रमाणे आणि थ्रॉटलप्रमाणे तेल देतो, माणसाच्या अंदाजाने देत नाही.

पेट्रोलची गोष्ट नवी आहे. फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरले. या गाड्या अशा पेट्रोलसाठी बनलेल्या नव्हत्या. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. त्यामुळे तोच जेट आणि तीच हवा ठेवली तर मिश्रण सात-आठ टक्के पातळ होते. टू-स्ट्रोकला पातळ मिश्रण म्हणजे ताप. म्हणून मेन जेट एक-दोन नंबरने मोठा घेऊन सुरुवात करावी आणि प्लगचा रंग पाहून खाली यावे, चॉकलेटी रंग बरोबर, पांढुरका धोक्याचा. जेटमध्ये तार घालून भोक मोठे करू नये. पेट्रोलच्या नळ्या, कार्बोरेटरचे रबर आणि क्रँकची सील इथेनॉल सोसणाऱ्या रबराची घ्यावीत. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, तेव्हा पावसाळ्यात गाडी आठवडे उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करावा.

मॉडिफिकेशन : किती आणि कशासाठी

या विषयावर तरुण मंडळी सर्वात आधी विचारतात, म्हणून थोडा हिशेब मांडतो. बोअर ५० वरून ५१ मिलिमीटर केला तर ९८ सीसीचे इंजिन १०२ सीसी होते. वाढ चार टक्के. म्हणजे ओव्हरसाइज ही दुरुस्ती आहे, तिच्यातून ताकद मिळत नाही. खरी ताकद पोर्टची उंची आणि सायलेन्सरचा आकार यांतून येते. हे ज्ञान जगाला मोठ्या प्रमाणावर दिले ते पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्याच्या वॉल्टर कादेन या अभियंत्याने. धुराड्यातून परत येणारी दाबाची लाट योग्य क्षणी पोर्टवर आणून बाहेर जाणारे ताजे मिश्रण ती पुन्हा आत ढकलते, हे त्यांनी १९५० च्या दशकात साधले. १९६१ पर्यंत त्यांचे १२५ सीसीचे इंजिन २५ अश्वशक्ती देत होते. त्याच वर्षी त्यांचा स्वार अर्न्स्ट डेगनर पळून गेला, हे ज्ञान सुझुकीकडे पोहोचले आणि १९६२ मध्ये सुझुकीने ५० सीसीचे जागतिक विजेतेपद मिळवले.

पण ही लाट एका ठरावीक वेगालाच बरोबर पोहोचते. रेसचा पाइप आणि उंच केलेला पोर्ट वरच्या वेगाला ताकद देतात आणि खालच्या वेगाची काढून घेतात. कॅम्पातून मागे गठ्ठा बांधून निघणाऱ्या, कल्याण-बदलापूर रस्त्यावर दर शंभर फुटांवर थांबणाऱ्या माणसाला खालचीच ताकद हवी असते. पोर्ट एकदा घासला की तो परत भरता येत नाही आणि चांगला जुना सिलिंडर आता सहज मिळत नाही. त्यात मोठ्या आवाजाच्या पाइपवर कलम १९०(२) खाली वेगळी कारवाई होते. एअर फिल्टर काढून 'पॉवर' मिळवणे हा तर शुद्ध अडाणीपणा आहे, मिश्रण पातळ होते आणि धूळ बोअर खाते.

मग घरी करण्यासारखे काय उरते? पुष्कळ उरते. जुन्या रीडच्या जागी फायबरच्या पाकळ्या, त्या तुटून आत गेल्या तरी सिलिंडर वाचतो. ओतकामात राहिलेल्या केस आणि सिलिंडरच्या पोर्टमधल्या पायऱ्या जुळवून घेणे, उंची न बदलता. हँडलच्या मानेत गोळ्यांऐवजी टेपर बेअरिंग. ब्रेकचे ड्रम खरादावर गोल करून नव्या शूजना त्याच व्यासावर घासणे, ज्याने ब्रेक लगेच सुधारतो. नवी वायरिंग आणि चांगले अर्थिंग. यांतले काहीही पुस्तकातील नोंदीला धक्का लावत नाही.

हिशेब

समजा गाडी ४० हजाराला घेतली. क्रँक, पिस्टन, बेअरिंग, सील, केबल, टायर, रंग आणि कागद मिळून ३० हजार गेले. बहुतेक लोक येथे थांबतात आणि ८५ हजाराला विकून पंधरा हजार नफा झाला म्हणतात. पण शंभर तास काम झाले असेल आणि तुमचा तास दीडशे रुपयांचा धरला तर पंधरा हजार ही तुमची मजुरीच आहे, नफा शून्य. शिवाय ७० हजार चार महिने अडकले. म्हणून पहिल्या दिवसापासून वहीत तास लिहावेत. दुसऱ्याचे भांडवल आणि आपली मेहनत अशी भागीदारी असेल तर गाडी विकली न गेल्यास काय, नुकसान झाल्यास कोणी काय सोसायचे, हे दोन साक्षीदारांसमोर लिहून ठेवावे. गिऱ्हाइकाची गाडी बांधायला घेतली असेल तर क्रँक उघडण्यापूर्वी भाव पक्का करू नये. उघडल्यावर त्याला भाग दाखवून मगच सांगावा आणि काढलेले जुने भाग पिशवीत घालून परत द्यावेत.

चालू केल्यानंतर

पहिल्यांदा इंजिन चालू झाले की दोन-तीन मिनिटांनी बंद करावे, हात लावता येईल इतके थंड होऊ द्यावे आणि असे तीन-चार वेळा करावे. उभी गाडी तासभर फिरवत ठेवू नये, हवा लागत नाही. नंतर हेडचे नट थंड इंजिनावर, समोरासमोरच्या क्रमाने, पुस्तकातल्या टॉर्कवर पुन्हा तपासावेत. पहिले ५०० किलोमीटर पूर्ण थ्रॉटल नको, मागे वजन नको, चढावर मोठ्या गिअरमध्ये ओढणे नको. एकाच वेगाने लांब जाऊ नये, वेग बदलत राहावा. उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद करून गिअरमध्ये गाडी सोडू नये, कारण टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल थांबले की तेलही थांबते. ५०० किलोमीटरनंतर गिअरचे तेल बदलावे आणि काढलेले तेल पांढऱ्या भांड्यात ओतून त्यात धातूचा चुरा किती आहे ते पाहावे. प्लगचा रंग टिपून ठेवावा आणि सील बदलले असतील तर दाबाची चाचणी याच वेळी पुन्हा एकदा करावी.